डाव्या पिळाच्या तीन कड्या

आमच्या गल्लीत मी कुत्रीला सलाम करणारा म्हातारा म्हणून ओळखला जातो. बुंदी गाडीतून उतरली की मी हातातली कानस खाली ठेवतो आणि हात कपाळाला लावतो. येणारे-जाणारे हसतात. हसू देत. ज्या जनावरानं माझा सख्खा भाऊ मला परत आणून दिला, आणि नुसता भाऊ नाही, त्याचा हातही शाबूत ठेवला, त्याला सलाम करायचा नाही तर कुणाला करायचा? उपकार माणसाचेच मानायचे, असं कुठं लिहिलेलं नाही.

मी दस्तगीर. मिरजेत तंबोरे करतो. आता तंबोरा कानात बसणाऱ्या बटणात मिळतो, त्यामुळं आमच्या धंद्याची काय गत झाली ते सांगत बसत नाही. अजून गाणारी काही हट्टी माणसं शिल्लक आहेत, त्यांच्या जिवावर चूल पेटते.

आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. भोपळा, दांडी, भोपळ्यावरची लाकडी तबली माझ्याकडं. तारा चढल्या की जवारी माझ्या धाकट्या भावाकडं, इलाहीकडं. जवारी म्हणजे घोडीचा, तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं असा घासायचा की तार त्यावर टेकली-न टेकली अशी राहावी. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. जागा बरोबर सापडली की सूर फुलतो. ती जागा मोजून सापडत नाही, बोटाला कळावी लागते. इलाही डावरा आहे. त्याच्या डाव्या हाताची जवारी ओळखणारे गवई धारवाडपर्यंत होते.

मी त्या हाताला दोन वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं.

झालं असं होतं. कारखान्यात स्टोव्हवर सरस ठेवला होता. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा डिंक, आम्ही लाकूड त्यानंच जोडतो. तो जळाला तर असा वास सुटतो की मेलेला उठून बसेल. मी तारा आणायला बाजारात गेलो होतो. परत येतो तर गल्लीच्या तोंडाशी माणसं नाकाला रुमाल लावून उभी, कारखान्यातून काळा धूर, आणि धारवाडच्या एका गाणाऱ्या बाईंचा पुरा झालेला तंबोरा पेटलेला. आत इलाही स्टोव्हकडं पाठ करून, चार हातांवर, शांतपणे खुंट्या तासत बसला होता.

"पिऊन बसलास काय रे?" मी सगळ्या गल्लीसमोर ओरडलो.

इलाहीनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, हातातली खुंटी खाली ठेवली, आपल्या कानशी फडक्यात गुंडाळल्या आणि समोरच्या घरात निघून गेला. ते घर त्याच्या सासऱ्यांचं, रिकामंच होतं. आठ पावलांचा रस्ता. दोन वर्षं तो रस्ता ओलांडायची माझी छाती झाली नाही. ईदलासुद्धा मी मशिदीच्या दुसऱ्या दारानं बाहेर पडायचो. माझी चूक असेल असं मला वाटलंच नव्हतं. जळलेला सरस सगळ्या गल्लीनं हुंगला होता, मग शेजारी बसलेल्याला वास येत नाही म्हणजे काय?

*

डॉक्टर सुनीती मगदूम आमच्या दारात आल्या त्या एक फुटकी बरणी आणि टेंगूळ आलेलं कपाळ घेऊन.

बेडगच्या रस्त्याला जुना बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या जाड भिंतींत त्यांनी गंधशाळा काढली होती. तिथं कुत्री रोग हुंगायला शिकत. कुत्र्यांना शिकवायचं चाक परदेशातून यायचं होतं, ते काही येईना. शेवटी बाईंनी स्वतःच पंख्याच्या पात्यांना बरण्या बांधून चाक केलं. जरा जोरात फिरवलं तर तिसरी बरणी सुटली आणि कपाळावर बसली.

"चाचा," त्या म्हणाल्या, "आमचा वेल्डर म्हणतोय, सुताएवढा फरक चालतोय की. तुम्ही लोक केसाएवढं बघता. मला केसाएवढं बघणारा माणूस पाहिजे."

माझी बायको शमशाद आतून ऐकत होती. कुत्र्याचं काम म्हटल्यावर तिनं कपाळाला आठ्या घातल्या, मग बाईंच्या टेंगळावर हळद लावायला घेऊन आली. मी नमाजाचा सदरा वेगळा ठेवीन, हात-पाय धुऊनच आत येईन, असं कबूल करून मी काम घेतलं.

बाईंनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. कंपवात म्हणजे हात थरथरायचा रोग. पण थरथर दिसते तेव्हा रोग घरात येऊन आठ-दहा वर्षं झालेली असतात. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात, त्या एक रस तयार करतात आणि त्या रसावर आपलं हलणं-चालणं चालतं. त्या पेशी एकेक करून मरत जातात. निम्म्याहून जास्त मेल्या की मग हात थरथरायला लागतो. मेलेल्या परत येत नाहीत. त्या सुमाराला एक नवीन औषध निघालं होतं, लोक त्याला थांबगोळी म्हणत. नाव बरोबर होतं. ती रोग आहे तिथं थांबवते, गेलेलं परत आणत नाही. म्हणजे थरथर सुरू व्हायच्या आधी दिली तर माणूस वाचला, नंतर दिली तर तिचा उपयोग बेताचा.

आता ज्याचा हात थरथरतच नाही, त्याला रोग आहे हे ओळखायचं कसं? तर पेशी मरायला लागल्या की कातडीवरच्या तेलाची घडण बदलते. मानेमागं सुती कापड फिरवलं की ते तेल कापडात उतरतं. माणसाच्या नाकाला त्यात काही कळत नाही, कुत्र्याला कळतं. वास ओळखणारी यंत्रंही निघाली होती, पण ती तिकडच्या माणसांवर शिकलेली. आमच्या मानेवर खोबरेल, चुलीचा धूर, उन्हातला घाम. यंत्र बिचारं गोंधळून जायचं. म्हणून बाईंचा बेत असा, की आधी इथलं कुत्रं शिकवायचं. ते जिथं बसेल तो वास यंत्राला दाखवायचा, हा बघ, हाच तो. मग ते यंत्र तालुक्या-तालुक्याला पाठवायचं.

"म्हणजे कुत्रं मास्तर आणि यंत्र विद्यार्थी," मी म्हणालो.

"हां. आणि मास्तरच चुकीचं शिकला तर सगळ्या महाराष्ट्राचा निकाल चुकला."

मास्तरीण होती बुंदी. मालगावच्या उकिरड्यावर सापडलेली, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, एक कान उभा आणि एक पडका. मला बघून तिनं पहिल्यांदा माझे हात हुंगले, मग चप्पल, मग तोंड फिरवलं. मला राग आला नाही. आमच्याकडं येणारे गवईही तंबोरा असाच बघतात.

*

चाक मी तीन आठवड्यांत केलं. खाली शिवणयंत्राचा बिडाचा पाय. त्यावर सायकलच्या मागच्या चाकाचा तुंबा, छर्रे नवे घातलेले, फुंकर मारली तरी फिरेल असा. तुंब्यातून आठ दांड्या निघाल्या, त्या पडद्याच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या. प्रत्येक दांडीच्या टोकाला लोखंडी कडी, कडीत काचेची बरणी, बरणीवर चहाच्या गाळणीची जाळी. सात बरण्यांत निरोगी माणसांची कापडं, एकीत रोग्याचं. चाक फिरवायचं, कुत्री फेरी मारणार, आणि रोग्याच्या बरणीसमोर बसली की तिला बक्षीस.

लाकूड वापरायला बाईंनी बंदी घातली होती, कारण लाकूड वास धरून ठेवतं. माझ्यासारख्याला लाकूड वर्ज्य म्हणजे सुगरणीला मीठ वर्ज्य, पण मी ऐकलं. त्यांनी हातमोज्यांची पेटीही दिली होती.

"चाचा, आठही घरं सारखी पाहिजेत. दिसायला नाही, वासाला."

चाक छान फिरलं, पण खुळखुळलं. बरणी आणि कडी यांच्यात एक केस जागा राहिली होती, तेवढ्यानं काच वाजायची. बुंदी दचकून मागं सरली. मला तर तो आवाज ऐकून दात आंबल्यासारखं झालं. तंबोरेवाल्याच्या घरात खुळखुळीला एकच औषध, सूत. मी कड्या घरी आणल्या आणि आतून सुताचे वेढे द्यायला बसलो. बाईंना विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. सूत उकळून घेतलं होतं, मग काय बिघडणार? आणि हातमोजे घालून सूत गुंडाळायचं म्हणजे मोजे घालून जेवायचं. मोजे मी पेटीतच ठेवले.

पाच कड्या झाल्या आणि सहावीची धार घासताना कानशीनं माझं बोट चांगलं कापलं. शमशाद म्हणाली, "तुम्ही बसा गप. राहिलेल्या तीन मी करून आणते."

"कुणाकडनं?"

"आहे एक माहितीतलं माणूस. तुम्हाला कड्या पाहिजेत का पत्ता पाहिजे?"

दोन दिवसांनी कड्या आल्या. मी नीट बघितल्यासुद्धा नाहीत, बोट ठणकत होतं. चाकावर चढवल्या. खुळखुळ बंद झाली आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

*

दहा दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाज रडवेला होता. तपासणीला पुण्याहून समिती यायला आठवडा राहिला होता आणि बुंदी बिघडली होती.

मी गेलो. बुंदी चाकाभोवती फिरली आणि एका बरणीसमोर बसली. त्या बरणीत निरोगी माणसाचं कापड होतं. पुढं जाऊन पुन्हा बसली. तिथंही निरोगी. आणखी एकदा बसली, ती बरणी तर धुऊन रिकामी ठेवलेली होती.

"आधी वाटलं जागा पाठ केलीया," बाई म्हणाल्या. "चाक फिरवलं, तरी तिथंच. बरण्या बदलल्या, तरी तिथंच. ती बरणीला बसतच नाही चाचा, कडीला बसायलीय. ह्या तीन कड्यांना. समिती बघून म्हणेल, कुत्री नकोत, परदेशी यंत्रच आणा. काय लावलंय ह्या तिघींना?"

मी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. पाच कड्यांवर सुताचा पीळ उजवीकडं जात होता, माझा. तीन कड्यांवर डावीकडं. वेढ्याला वेढा असा चिकटलेला की मध्ये नख जाणार नाही, आणि शेवटची गाठ आत दाबून नाहीशी केलेली. ती गाठ आमच्या अब्बांनी दोघांनाच शिकवली होती. एक मी.

माझं डोकं तापलं. शमशादनं माझ्या पाठीमागं त्याला काम दिलं होतं! आणि त्यानं तिथंही घोळ करून ठेवला!

"ह्या तीन माझ्या धाकट्या भावानं केल्यात," मी म्हणालो. "काहीतरी लावलं असणार त्यानं. बेपर्वाच आहे तो."

बाईंनी एक कडी चिमट्यानं उचलली, उजेडात धरली, आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "सूतच आहे की," त्या पुटपुटल्या. "मानेवरनं फिरवतो ते कापडही सूतच. बोटानं इतका वेळ दाबून गुंडाळलं म्हणजे अंगचं तेल त्यात उतरणारच…" त्या थांबल्या. मग अगदी जपून विचारलं, "चाचा, तुमच्या भावाला वास येतो का?"

"म्हणजे?"

"ह्या रोगात हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाक जातं. माणसाला कळतही नाही. सर्दी म्हणून सोडून देतो."

मी बाकड्यावर बसलो. डोळ्यांसमोर तो धूर आला, नाकाला रुमाल लावलेली गल्ली, आणि स्टोव्हकडं पाठ करून खुंट्या तासणारा इलाही. त्यानं तेव्हा माझ्याकडं बघितलं होतं ते बेपर्वाईनं नव्हे. काय झालंय तेच न कळलेल्या माणसाचं ते बघणं होतं. दोन वर्षं मी त्या नजरेवर राग धरून बसलो होतो.

"हे निदान नव्हे हं," बाई घाईनं म्हणाल्या. "बुंदी अजून परीक्षा पास झालेली नाही. त्यांनी स्वतः होकार दिला तर रीतसर तपासू, नाहीतर त्यांचं नाव मी कुठंही लिहिणार नाही. पण चाचा, थरथर नसेल अजून, तर वेळ आहे. फार नसेल."

*

घरी आलो तेव्हा शमशाद तांदूळ निवडत होती. माझा चेहरा बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"दिल्या मी त्याला कड्या," ती म्हणाली. "काय करणार होतासा? एका गल्लीत दोन भाऊ, आणि मला दोन्ही घरांत खोटं बोलावं लागतंय. तुमच्या चाकाला त्याचा हात लागावा असं वाटलं मला. तो म्हणाला, भाईला सांगू नका, ते काढून टाकतील."

मी तिला काय सांगणार! माझ्या पाठीमागं केलेल्या त्या एका गोष्टीसाठी मी आजही रोज तिचे उपकार मानतो. तोंडावर एकदाच मानले, नाहीतर डोक्यावर बसेल.

आठ पावलं चालून मी समोरचं दार वाजवलं. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज नुकतीच झाली होती. जैबुननं, इलाहीच्या बायकोनं, दार उघडलं आणि डोक्यावरचा पदर सावरला.

"या ना भाईजान," ती म्हणाली.

इलाही खिडकीशी बसला होता. मला बघून उठला. उठताना मी त्याचा डावा हात बघितला. उजवा हात सदऱ्याची घडी नीट करत होता, डावा अंगाला चिकटून गप्प होता.

मी येताना बोलायचं ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. "त्या दिवशी सरस जळाला," मी म्हणालो, "तुला वास आला नव्हता ना?"

तो खिडकीतून समोर कारखान्याकडं बघू लागला.

"नाही," तो म्हणाला. "अजून येत नाही. जैबुनची बिर्याणी का रद्दी कागद, नाकाला एकच. पण भाई, सरस जळाल्याचा वास आला नाही असं सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

"नसतं मानलं."

"मग कशाला सांगू?"

"इलाही, मी तुला गल्लीसमोर जे बोललो ते गल्लीसमोर मागं घ्यायला तयार आहे. हवं तर आत्ता. पण आधी माझं ऐक." आणि मी त्याला सगळं सांगितलं, सूत, कड्या, बुंदी, गोळी. शेवटी रोगाचं नावही घेतलं.

तो चिडला. चिडणारच. "कुत्रं सांगणार मला? जवारी करणाऱ्याच्या हातात काय आहे ते कुत्रं सांगणार? नको भाई. आज मला काही झालेलं नाही. कळलं म्हणजे आजपासनं आजारी. उद्याचं उद्या बघू."

"उद्या बघितलं तर गोळीचा उपयोग नाही रे. आजच आहे."

"नको म्हणतोय ना!"

जैबुन दारात उभी होती. ती सहसा आमच्यात बोलत नाही. "सहा महिने झाले," ती म्हणाली, "सदऱ्याची बटणं मी लावायलेय. म्हणतात, बटणं बारीक केल्यात हल्ली. आणि चालताना हा हात हलत नाही भाईजान. मी रोज मागनं बघते."

इलाहीनं मान खाली घातली. मग हात पुढं केला, उजवा. मी खिशातून पिशवीत बांधलेली कडी काढून दिली. त्यानं ती उलटसुलट केली.

"तिन्ही ओळखल्या तिनं?"

"तिन्ही. रिकामी बरणी असतानासुद्धा."

"आणि तुम्ही?"

"गाठ बघितली आणि ओळखलं."

"मग त्या कुत्रीचं एवढं काय कौतुक?" तो म्हणाला, आणि हसायला गेला ते हसू अर्ध्यात मोडलं. मी दोन वर्षांनी त्याला मिठी मारली. तो आधीपेक्षा हडकला होता.

*

इलाहीच्या तीन कड्या काढून त्यांच्या जागी नव्या बसवल्या आणि बाकीच्या पाचांवरचं सूत मी कापून काढलं, या वेळी हातमोजे घालून. वेढे दिले ते खर्जाच्या पितळी तारेचे, उकळत्या पाण्यातून काढलेल्या. तार वास धरत नाही. बाईंना विचारून केलं, हे मुद्दाम सांगतो.

समितीसमोर चाळीस माणसांची कापडं होती. कुणाचं कुठल्या बरणीत, ते खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. बरण्या भरणारी माणसं दुसऱ्या खोलीत होती. म्हणजे आमच्या चेहऱ्याकडं बघून बुंदीला काही कळायला नको. इलाहीनं होकार दिला होता, त्याचंही कापड त्या चाळिसांत होतं. आम्ही दोघं काचेमागं बसलो. मी मनात दुआ मागत होतो, पण काय मागावं तेच कळेना. बुंदी बरोबर निघावी म्हटलं तर भाऊ आजारी, भाऊ निरोगी निघावा म्हटलं तर बुंदी खोटी. शेवटी म्हटलं, या अल्ला, जे खरं आहे ते वेळेवर दाखव.

चाक फिरलं, थांबलं. बुंदी निघाली. नाक वर, पडका कान हलत, एकेक बरणी हुंगत. दुपारपर्यंत ती पाच वेळा बसली आणि पाचही वेळा दचकली नाही. पाकीट फोडून यादी वाचली तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून तो उगाच पुसला. पाचपैकी चार जण आधीच निदान झालेले रोगी होते आणि त्यांतला एकही तिनं सोडला नव्हता. पाचवा क्रमांक समितीच्या यादीत निरोगी म्हणून होता. तो इलाहीचा.

"बसली," इलाही म्हणाला. एवढंच.

पुढं मोठ्या इस्पितळात मेंदूचं चित्र काढलं आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं. मेलेल्या पेशी निम्म्यापर्यंत यायच्या बेतात होत्या. अजून वर्षभर उशीर झाला असता तर गोळीचा उपयोग नव्हता, असं ते म्हणाले. गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली.

परतताना इलाही गंधशाळेत थांबला. बुंदीपुढं उकिडवा बसला आणि डावा हात पुढं केला. तिनं तो हुंगला आणि त्याच्यासमोर सरळ बसली, बक्षिसाची वाट बघत. बाईंना रडू आलं. इलाहीनं खिशातून खजूर काढला, बाईंनी तो कुत्र्यांना चालत नाही म्हणून काढून घेतला आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. "हक्काचं आहे तिचं," तो म्हणाला.

*

याला आता तीन वर्षं झाली. बुंदीकडून शिकलेलं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यांत पोचलं आहे. मानेवर कापड फिरवून पेटीत टाकलं की ते सांगतं. लोक त्याला यंत्र म्हणतात, मला मात्र त्याच्या आत एक कान पडलेली कुत्री बसलेली दिसते. त्या तीन कड्या सुनीतीबाईंनी जपून ठेवल्या आहेत, इलाहीनंच सांगितलं ठेवा म्हणून. नवं कुत्रं आलं की पहिला धडा त्यांच्यावर होतो. आमच्या अब्बांची गाठ कुत्री हुंगतात, हे ऐकून अब्बा काय म्हणाले असते कोण जाणे.

इलाहीचा हात आहे तिथं आहे. बटणाला वेळ लागतो, पण बटण लागतं. जवारी होते. गेल्या महिन्यात धारवाडच्या बाई स्वतः आल्या, नवा तंबोरा छेडला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. गल्लीतली माणसं जमली होती. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं की पाच वर्षांपूर्वी ह्याच जागी मी माझ्या भावाला पिऊन बसलास म्हणालो होतो, तो पिऊन नव्हता, त्याला वास येत नव्हता, आणि चूक माझी होती. इलाही लाजून म्हणाला, "बसा हो भाई, तंबोरा लागलाय, बेसूर करू नका."

नाक परत आलं नाही. गोळी गेलेलं आणत नाही, हे आधीच सांगितलं होतं. म्हणून आमच्या कारखान्यात एक नवी वाटणी झाली आहे. स्टोव्ह माझ्या बाजूला आला. आत्ता हे लिहितानाही सरस तापतोय, आणि समोर इलाही घोडीवर मान वाकवून कानस चालवतोय, डाव्या हातानं, अगदी हलकी.

"भाई," मान वर न करता तो म्हणाला, "वास बघा जरा. झाला का?"

मी उठलो आणि भांड्यावर नाक धरलं.

"अजून थोडा," मी म्हणालो. "तू कर तुझं, मी आहे."